जावयानं भरलेल्या नळ्या

आमचे जावई बेक करतात. बेक ह्यो शब्द मी पयल्यांदा त्यांच्याच तोंडनं ऐकला, आन् ऐकला त्या दिवसापासनं मला त्या शब्दाचा वीट आलाय.

चाकणच्या एका कंपनीत ते पावडर कोटिंगला हायेत. म्हंजी गाडीचे लोखंडी भाग धुवायचे, आकड्याला टांगायचे, त्यांच्यावर रंगाची भुकटी उडवायची आन् घराएवढ्या भट्टीतनं भाजून काढायचे. त्या भट्टीला ते ओव्हन म्हनतात आन् भाजन्याला बेकिंग. भट्टीतनं निघालेला भाग ट्यूबलाइटखाली तिरपा धरायचा आन् कुटं ठिपका हाय का बघायचं, ह्ये जावयाचं काम. भाग चांगला असला तर तोंडातनं ब्र काढायचा न्हाई, नुसता म्होरं ढकलायचा. वंगाळ असला तरच बोलायचं. काय बोलायचं? तर 'रिवर्क'. म्हंजी परत कर. एवढा एक शब्द ह्या मानसानं आयुष्यात कमावला, आन् त्यो घिऊन त्यो माझ्या लेकीच्या सैपाकघरात घुसला.

नाव ज्योतीराम. गाव तिकडं भूम तालुक्यात. आमच्या पिंपळे गुरवच्या घरामागं भाड्याच्या खोल्या हायेत, त्यातल्या एकीत ह्यो राहायला आला. मोनिका गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची, ह्योबी जायचा. एक बनियन वाळत घालायला मानसाला किती येळ लागावा? त्यात मला कळायला पायजे व्हतं. पन आमचे मालक, कोंडाजीराव, एका शब्दाला भुलले. 'परमनंट.' "पोरगा परमनंट हाय कौशल्या," असं चार येळा म्हनले. ज्यांचे आजे-पंजे हितंच जन्मले आन् हितंच राख झाले, त्या मानसाला परमनंटचं एवढं अप्रूप! लगीन लावून दिलं. काळेवाडीला फ्लॅट घेतला जावयानं, वन बीएचके. गॅलरीत दोन मानसं उभी राहिली की तिसऱ्यानं भायेर थांबायचं.

आता जावई म्हनल्यावर आपल्यात काय असतं, पायाला पानी द्यायचं, पाट मांडायचा, तूप वाढायचं, आन् त्यांनी काय खाल्लं न्हाई तरी आपल्याच हाताला दोष द्यायचा. मी समदं केलं. पयल्या धोंड्याच्या महिन्यात अनरसे केले. जाळी कशी पडलीय म्हनून शेजारची शालनबाई बघायला आली व्हती. ह्यानं काय करावं? अनरसा उचलला, ट्यूबलाइटकडं धरला, तिरपा केला, बोट फिरवलं आन् खाऊन टाकला. बरा न्हाई, वाईट न्हाई, काय न्हाई. मी मोनिकाला आत बोलावून इचारलं, "अगं, आवडला का न्हाई त्यांना?" तर ती म्हनली, "आई, बोलले नाहीत ना? मग आवडला." अशी ही माझी लेक. चार वर्षं ह्या मानसाच्या गप्प बसन्यालाच कौतुक समजून जेवत व्हती.

आन् बोलला की रिवर्क. आमटी रिवर्क, झाडू मारला तर कोपरा रिवर्क. एकदा तर साडीच्या निऱ्या रिवर्क.

ह्या उन्हाळ्यात मोनिकाच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिनीतनं आपरेशन झालं. डाक्टर म्हनले, तेलकट-तुपकट बंद, हलकं खायचं, जड उचलायचं न्हाई. मी म्हनलं हिकडं घिऊन येते, तर जावई म्हनले, "मामी, काळजी करू नका, मी हाय की." हाय की! काय करायला हाय, ते कोनी इचारलं न्हाई.

घरी नेली, आन् दुसऱ्याच दिवशी पयल्या शिफ्टवरनं आले, बूट काढले आन् म्हनले, "मोनिका, दोनच भाकरी टाक. बाकी काही नको, त्रास घेऊ नको." बघा तरी! टाके वाळले न्हाईत त्या बाईला भाकरी थापायला सांगायची, आन् वर म्हनायचं त्रास घेऊ नको. तिनं थापली. माझी लेक असून थापली, ह्याचाच मला राग हाय. आन् ह्यानं ती भाकरी उचलून ट्यूबलाइटकडं धरली आन् म्हनला, "कड कच्ची हाय. रिवर्क."

मोनिकानं गॅस बंद केला. दवाखान्यातनं आलेली बॅग आजून उघडलीबी न्हवती, ती उचलली, खाली उतरून रिक्षा केली आन् थेट माझ्या दारात. हाताला पीठ तसंच व्हतं. मी काय इचारलं न्हाई. हात धुवायला पानी दिलं आन् अंथरून घातलं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. शालनबाई भिंतीवरनं डोकावून इचारायला लागली, "मोनिका आजून हितंच का वं?" त्या 'आजून'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जावयाचा राग व्हताच मला. पन लेकीनं माघारी जावं, तिचा संसार नीट चालावा, ह्येबी मनापासनं वाटत व्हतं. नांदती लेक माहेरी बसली की लोक काय बोलतात, ते मला चांगलं ठावं हाय. म्हनून मी रोज देवाला म्हनायची, त्या मानसाला एक दिवस तरी अक्कल दे, जास्त नको.

मंग एका गुरुवारी, कंपनीला सुट्टी म्हनून, जावई आले. सोफ्यावर बसले. मी च्या दिला. च्याकडं बघितलं, कपाच्या कडंवरनं बोट फिरवलं, पिऊन टाकला. मंग म्हनले, "चल मोनिका, बॅग भर."

"मला अजून बरं नाही," ती म्हनली.

"मग घरी आराम कर की."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला आन् खोकल्यावानी केलं.

मोनिकानं मोबाइल काढला. दवाखान्यात पडल्या-पडल्या ती त्यावर सैपाक बघत बसायची. खायला मिळत न्हाई ते मानूस बघत बसतं. तिनं त्यांच्यापुढं धरला. त्यात एक गोरी बाई अंगठ्याएवढ्या जाड मैद्याच्या नळ्यांमधी पालक आन् पनीर कोंबत व्हती, वरनं टमाट्याचा रस्सा ओतत व्हती आन् समदं ओव्हनात ढकलत व्हती. कॅनलोनी का काय ते नाव. मला इचाराल तर धडधाकट पालकाची भाजी आन् धडधाकट शेवया सोडून हा नळजोडनीचा उद्योग मानसानं कशाला करावा? पन ते असू द्या.

"हे मला करून घाला," मोनिका म्हनली. "तुमच्या हातानं. आईनं हात लावायचा नाही. तेल कमी, डॉक्टरांनी हलकं सांगितलंय. घातलंत, की येते मी."

मला वाटलं आता ह्यो उठून जातोय. तर ह्यो हसला! "एवढंच? अगं, नऊ वर्षं झाली, मी रोज बेकच करलालो की." करलालो म्हंजी करतोय, त्यांच्या भूमकडचं बोलनं.

आमच्याकडं ओव्हन हाय. सुनेनं, करिष्मानं, हौसेनं घेतला व्हता. पयल्या म्हयन्यात एक केक झाला, त्यो मधी बसला, आन् तवापासनं त्या ओव्हनात आमी पापडाचे डबे ठिवतो. पुढच्या गुरुवारी मी ते डबे काढले, आतनं पुसून घेतला. करिष्मा पोराला घिऊन तिच्या माहेरी गेली व्हती, मालक पारावर बसायला गेले. घरात आमी तिघंच. मी सैपाकघराच्या दारात पाट घेऊन बसले. हात लावायचा न्हवता, पन बघायला कुनाची मनाई?

जावई आले ते दोन पिशव्या घिऊन. एकीत नळ्यांचा खोका, पालक, पनीर, टमाटे, दूध. दुसरीत काय? केसांना घालायची जाळीदार टोपी, हातमोजे, आन् उष्णता मोजायचं ते पिस्तूल. कंपनीतनं मागून आनलं म्हनं. माझ्या ओट्यावर नेम धरला आन् म्हनले, "एकतीस." मी म्हनलं, ओटा आजारी न्हाई, कामाला लागा.

आन् मंग सुरू झालं धुनं. त्यांच्या कंपनीत म्हनं पयलं काम तेल काढायचं. लोखंडावर तेलाचा थेंब राहिला तर त्यावर रंग बसत न्हाई, डोळ्यावानी ठिपका पडतो. ह्याला ते डीग्रीसिंग म्हनतात. मोनिकानं सांगितलेलं, तेल कमी. ह्या मानसानं त्याचा अर्थ काय घेतला? तर जिथं जिथं तेल हाय ते धुऊन काढायचं! पनीर घेतलं, गरम पान्यातनं काढलं, पिळलं. परत गरम पानी, परत पिळलं. फळ्यावर लिहायच्या खडूसारखं झालं तवा थांबले. मी म्हनलं, "अहो जावईबापू, त्यात आता पनीर किती राह्यलं?" तर म्हनले, "मामी, आता क्लीन हाय."

तिथवर मी हसत व्हते. मंग पालक परतायला त्यांनी माझी बिडाची कढई घेतली. काळी कुळकुळीत, तेल पिऊन पिऊन काचेवानी झालेली, धिरडं टाकलं तर आपसूक सुटायचं. मी जरा मोनिकाला गोळी द्यायला बाहीरच्या खोलीत गेले. माघारी येते तर काय! साबन, तारेची घासनी, आन् त्यावर उकळतं पानी. कढई पांढरीफटक. घाम पुसत मला म्हनतो, "मामी, किती वर्षांचं ग्रीस साठलं व्हतं बघा! सगळं काढलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रीस! मेल्या, ते ग्रीस न्हाई, ती माझ्या हयातीची भाजनी हाय, असं ओठावर आलं. पन जावई. आन् बाहीर लेक बसलेली, जिचं समदं ह्या नळ्यांवर अडलेलं. मी गिळलं. कढई उचलून मोरीत ठिवली आन् त्यांना अल्युमिनियमची दिली. सांजच्याला बिडाच्या कढईवर गंज चढला व्हता.

एक गोष्ट मात्र खरी सांगावी लागंल. नळ्या भरायची येळ आली तवा त्यांनी पयल्यांदा बोटानं कोंबायला बघितलं, दोन नळ्या तडकल्या. मंग मला म्हनले, "मामी, सोऱ्या हाय का?" चकलीचा सोऱ्या दिला. त्यात पालक-पनीरचा लगदा भरला, नळी तोंडाला धरली, दांडा फिरवला, नळी भरली. "ग्रीस गन," म्हनले. खटाखट साऱ्या नळ्या भरल्या. एक फुटली न्हाई. हात चांगले हायेत मेल्याचे, मेंदूचंच काय ते बघायचं.

मंग थाळीत मांडल्या. त्या व्हिडिओतल्या बाईनं एकीला एक चिकटवून दाटीवाटीनं बसवल्या व्हत्या. ह्यांनी मधी मधी बोटभर जागा सोडली. "पार्टला पार्ट टेकला की डाग पडतो." वरनं टमाट्याचा रस्सा. बिनतेलाचाच, जिरं कोरडं भाजून टाकलेलं, पन वास बरा व्हता. त्या बाईनं पातेलंभर ओतला व्हता, नळ्या बुडतील एवढा. ह्यांनी ब्रश घेतला आन् प्रत्येक नळीला फासला. पातळ. एकसारखा. फिरवून फिरवून. उरलेला रस्सा झाकून ठिवला. "जास्त कोटिंग झालं की ओघळ येतात." मी कपाळाला हात लावला.

दोनशे डिग्रीवर ठिवलं, पिस्तूल रोखून समोर उकिडवे बसले. बाहीरच्या खोलीत मोनिका टीव्ही बंद करून बसली व्हती. तिचे कान हिकडंच. पोरीनं सकाळपासनं काय खाल्लं न्हवतं, ह्याच्यासाठी भूक राखली व्हती. तिनं न्हाऊन चांगली साडीबी नेसली व्हती. हिला जायचंय. चार वर्षं ह्या दगडासंगं काढली तरी हिला जायचंय, फक्त काहीतरी निमित्त पायजे.

ओव्हन टिंग वाजला. थाळी निघाली. रंग काय सांगू, लालबुंद, चकचकीत, एक ठिपका न्हाई. जावयानं चमच्यानं एका नळीवर टकटक केलं. टन्न वाजली. त्यांचा चेहरा असा उजळला! "मामी, कडक बसलंय!" त्यांच्या कंपनीत असा आवाज आला की माल पास.

"खाऊन बघा," मी म्हनलं.

चावले. थांबले. गालावर हात गेला. नळी जशीच्या तशी. घरात पान्याची लाइन टाकताना पाइपचे जे तुकडे उरतात, ते दातानं तोडायला बघावं तसं झालं.

हितं मला बरं वाटायला पायजे व्हतं. कढईचा सूड निघाला. पन ह्यो मानूस थाळीकडं बघत उभा राह्यला आन् त्याचे हातमोज्यातले हात लोंबकळत राह्यले, आन् बाहीरनं मोनिकानं इचारलं, "झालं का हो?" तवा माझाच जीव टांगनीला लागला. हात लावायचा न्हवता, पन तोंड बांधलेलं न्हवतं. मी हळूच म्हनलं, "अहो, कोरडं कसं शिजंल? उरलेला रस्सा ओता, दूध ओता, पानी ओता, वरनं ताट झाका आन् परत ठिवा. लोखंड न्हाई ते, कनीक हाय."

"ओघळ येतील," ते म्हनले.

"येऊ द्यात!"

ओतलं त्यांनी. ताट झाकलं, परत ठिवलं. बाहीर जाऊन बायकोला म्हनले, "जरा रिवर्क करलालो. माझंच चुकलं." मी कान टवकारले. माझंच चुकलं! ह्या तोंडातनं! देवानं ऐकलं का काय माझं, असं वाटलं.

दुसऱ्यांदा निघालं ते दिसायला काय खास न्हवतं. नळ्या मऊ पडलेल्या, बुडाला धरलेल्या, उचलताना मोडल्या. जावयानं कालथ्यानं खरवडून मोनिकाच्या ताटात वाढलं. स्वतः वाढलं. मी कोपऱ्यात उभी.

मोनिकानं खाल्लं. एक घास, दुसरा. बोलंना. जावई तिच्याकडं असे बघत व्हते, जसं चार वर्षं ती त्यांच्याकडं बघत आली. मंग ती म्हनली, "छान झालंय हो. हलकं झालंय. आंबटपणा पण बरोबर आहे." आन् तिचे डोळे भरले. परत घेतलं, परत खाल्लं, थाळीच्या कडंची खरवडबी खाल्ली. मीबी चाखलं. खोटं कशाला बोलू, बरं झालं व्हतं. हिंगाची फोडनी पायजे व्हती, पन बरं झालं व्हतं.

मोनिका उठली, हात धुतले, कपाटातनं बॅग काढली. धाड धाड भरली. मला म्हनली, "आई, येते गं." मी देवापुढचा करंडा आनला, ओटीचे तांदूळ आनले, नारळ काढला. ती दारात चपला घालून उभी, आन् मी बोटावर कुंकू घेतलं.

जावई बूट घालत व्हते. लई खुशीत. नाडी बांधता बांधता म्हनले, "बरं मोनिका, तू बघितलंस ना व्हिडिओत सगळं? कुटं चुकतंय ते आता मी काढून दिलं. फर्स्ट पीस पास झाला. आता पुढच्या गुरुवारपासून प्रोडक्शन तुझं, मी चेक करीन."

माझं बोट हवेतच राह्यलं.

मोनिका त्यांच्याकडं बघत व्हती. मला वाटलं रडंल, न्हाईतर वरडंल. तिनं तसं काय केलं न्हाई. चपला काढल्या, भिंतीकडंला नीट जोडून ठिवल्या. बॅग उचलून आत गेली आन् कपाट उघडल्याचा आवाज आला.

"काय झालं?" जावयानं मला इचारलं. खरंच इचारलं. त्याला खरंच कळलं न्हवतं, ह्याच्याएवढी चीड मला त्या कढईचीबी आली न्हवती.

मोनिका बाहीर आली. हातात त्यांची टोपी, मोजे आन् ते पिस्तूल. पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं. "पास झालात तुम्ही," ती म्हनली. "चांगलं करता. प्रोडक्शन पण तुमच्याकडंच राहू द्या. काळेवाडीत पालक मिळतो, गॅस आहे. निघा आता, बस चुकेल."

"अगं पण तू म्हणलीस की करून घातलं की येते—"

"म्हणले होते."

त्यो उंबऱ्याबाहीर उभा राह्यला, पिशवी धरून. माझ्याकडं बघत व्हता, मामी काहीतरी सांगतील म्हनून. भिंतीपल्याड शालनबाईचं बोलनं बंद झालं व्हतं, म्हंजी ती ऐकत व्हती. उद्या समद्या आळीला कळनार. माझी लेक आता किती दिवस हितं, का कायमचीच, काय ठावं न्हाई. मी एक शब्द बोलले असते, "जा बाई, नवराच हाय तो," तर ती गेलीबी असती. माझं ती ऐकते.

मी दार लावून घेतलं.